शब्दाचा अभाव आणि नात्याची साक्ष : विवाहसमानतेचा प्रश्न व भारतीय भाषांतील काही संहिता

इस्मत चुगताई यांची ‘लिहाफ’ ही उर्दू कथा १९४२ मध्ये ‘अदब-ए-लतीफ’मध्ये प्रसिद्ध झाली आणि अश्लीलतेच्या आरोपावरून लेखिकेला लाहोरच्या न्यायालयात उभे राहावे लागले. या खटल्याची हकीकत त्यांनी आपल्या आत्मकथनात सांगितली आहे. आरोप करणाऱ्यांना कथेतील नेमका अश्लील शब्द दाखवता येईना. एका साक्षीदाराने ‘आशिक’ या शब्दावर बोट ठेवले, तेही तो शब्द चांगल्या घरच्या मुलीच्या तोंडी शोभत नाही एवढ्याच कारणासाठी. लेखिका सुटली. त्याआधी काही वर्षे, १९३४ मध्ये, मुंबईत र. धों. कर्वे यांच्यावर ‘समाजस्वास्थ्य’मधील मजकुराबद्दल खटला झाला होता. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना, त्यांत समलिंगी संबंधांविषयीच्या प्रश्नांनाही, कर्व्यांनी सरळ नाव घेऊन उत्तरे दिली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरीही दंड टळला नाही. एकाच दशकभराच्या अंतरातील या दोन खटल्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. नाव घेतले की शिक्षा होई; नाव न घेता रजईखाली ठेवले की सुटका होई.

प्रस्तुत लेखात या ‘नाव घेण्या’च्या प्रश्नाचा अगदी अलीकडचा टप्पा विचारात घ्यावयाचा आहे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ‘सुप्रियो विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात समलिंगी जोडप्यांच्या विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिला. लाहोरमध्ये शब्दाच्या अभावामुळे लेखिका वाचली होती. दिल्लीत शब्दाच्या अभावामुळेच अर्जदार हरले. कायद्याच्या संहितेत जो शब्द नाही तो न्यायालयाने तेथे घालू नये, असा त्या निर्णयाचा एक मुख्य आधार होता. संहितेचे वाचन हा साहित्याच्या अभ्यासकाचा व्यवसाय असल्याने त्याला या निर्णयाकडे केवळ नागरिक म्हणून पाहता येत नाही.

तेथवरचा प्रवास परिचित आहे, म्हणून तो थोडक्यात नोंदवितो. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३७७ दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी प्रौढांच्या संमतीने होणाऱ्या खासगी संबंधांपुरते निष्प्रभ ठरविले. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला आणि या समूहाची संख्या अत्यल्प असल्याचा उल्लेख त्या निकालात केला. हक्काला डोकी मोजण्याची ही अट वाचून अनेकांना धक्का बसला. पुढे २०१४ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींच्या ओळखीला मान्यता मिळाली, २०१७ मध्ये खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी ‘नवतेजसिंह जोहर’ प्रकरणात कलम ३७७ चा हा भाग पाच न्यायमूर्तींनी एकमताने घटनाबाह्य ठरविला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच उरलेले नाही. गुन्हा पुसला गेला. नाते मात्र नोंदले गेले नाही. सुप्रियो निर्णयाच्या पुनर्विलोकनाचे अर्जही ९ जानेवारी २०२५ रोजी फेटाळण्यात आले.

या प्रकरणात वादाचा विषय झालेली संहिता म्हणजे १९५४ चा विशेष विवाह कायदा. त्याचे चौथे कलम ‘कोणत्याही दोन व्यक्तीं’मधील विवाहाविषयी बोलत सुरू होते आणि पुढे वयाची अट सांगताना पुरुषासाठी एकवीस व स्त्रीसाठी अठरा वर्षे अशी फोड करते. म्हणजे एकाच कलमाच्या पोटात दोन आवाज आहेत. आरंभीचा आवाज विशाल आहे, नंतरचा त्याला दारातच अडवतो. (मराठीत ‘व्यक्ती’ हा शब्द व्याकरणाने स्त्रीलिंगी असल्याने आपल्या अनुवादात हे कलम काही क्षण सर्वांनाच स्त्री करते, ही त्यातल्या त्यात गंमत.) संहितेतील अशा अंतर्विरोधाचा अन्वयार्थ लावताना उदार शब्दाला अग्रक्रम द्यावा की अट घालणाऱ्या शब्दाला, हा प्रश्न टीकाशास्त्राला नवा नाही. न्यायालयाने असा शब्दबदल म्हणजे कायद्याचे पुनर्लेखन होईल आणि ते काम संसदेचे आहे, अशी भूमिका घेतली. विवाहाचा मूलभूत हक्क राज्यघटनेत नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत झाले. समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनाला राज्याने काही मान्यता द्यावी असे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड व न्या. संजय किशन कौल यांचे मत होते, न्या. रवींद्र भट, न्या. हिमा कोहली व न्या. पी. एस. नरसिंह यांनी तेही मान्य केले नाही.

सुनावणीदरम्यान केंद्र सरकारने ही मागणी शहरी अभिजनांच्या दृष्टिकोनातून आलेली असल्याचे म्हटले होते. सरन्यायाधीशांनी आपल्या निकालपत्रात भारतीय परंपरेतील दाखले देत हे म्हणणे खोडून काढले. हा प्रतिवाद आवश्यक होता. तरीही साहित्याच्या बाजूने पाहता त्यात एक उणीव जाणवते. रूथ वनिता व सलीम किदवाई यांनी २००० मध्ये संपादित केलेल्या भारतातील समलिंगी प्रेमाविषयीच्या संग्रहापासून आपल्याकडे ‘हे आमच्याकडेही होते’ अशा पुराव्यांची समृद्ध परंपरा निर्माण झाली आहे. त्या कामाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु प्राचीनता हा हक्काचा आधार होऊ शकत नाही. सतीही प्राचीन होती. भारतीय भाषांतील साहित्याने या संदर्भात दिलेली साक्ष काळाविषयीची नाही, ती जागेविषयीची आहे. या साहित्यात समलिंगी नाते बहुधा विवाहाच्या बाहेर, गावकुसापलीकडे किंवा परदेशी हवेत वाढलेले दिसत नाही. ते लग्नघरातच राहते.

‘लिहाफ’ पुन्हा या दृष्टीने वाचली तर काय दिसते? तिची सुरुवात एका लग्नापासून होते. नवाबाने बेगमजानशी विधिवत विवाह केला आहे आणि तिला घरातील इतर सामानाबरोबर ठेवून दिले आहे; त्याचे मन गोऱ्या, कोवळ्या तरुण मुलांत रमते. रब्बो ही मालीश करणारी दासी या रिकाम्या विवाहाच्या आत येते. येथे दोन्ही बाजूंची समलिंगी आसक्ती एकाच वैध विवाहाच्या छपराखाली आहे आणि तो विवाह कायद्याच्या दृष्टीने निर्दोष आहे. भिंतीवर हलणारी सावली पाहून भेदरलेल्या लहान निवेदिकेमुळे कथेतील सुखाला शोषणाचीही किनार आहे, हे विसरून या कथेला मुक्तीची पताका करणे मला पटत नाही. परंतु एवढे निश्चित की वैध विवाह आणि समलिंगी नाते यांना परस्परांच्या विरुद्ध टोकांना उभे करणारी मांडणी या कथेपुढे टिकत नाही. दीपा मेहता यांच्या ‘फायर’ची रचनाही हीच आहे. तेथील दोघी एकाच घरातल्या जावा आहेत. १९९८ मध्ये मुंबई-दिल्लीतील चित्रपटगृहांवर जे हल्ले झाले ते बहुधा या घरामुळेच झाले असावेत. त्या दोघी एखाद्या वसतिगृहात राहणाऱ्या असत्या तर इतका राग आला असता का, याविषयी शंका घेण्यास जागा आहे. आणि शहरी अभिजनांच्या आक्षेपाला साहित्याबाहेरचेच उत्तर हवे असेल तर तेही उपलब्ध आहे. १९८७ मध्ये मध्य प्रदेश सशस्त्र पोलीस दलातील दोन महिला शिपायांनी परस्परांशी गांधर्व विवाह केला आणि दोघींची नोकरी गेली. त्यांना अभिजन म्हणणे अवघड आहे.

मात्र या विषयावरील सर्वांत खोल विचार माझ्या मते विजयदान देथा यांच्या ‘दोहरी जूण’ या राजस्थानी कथेत आढळतो. जोधपूर जिल्ह्यातील बोरूंदा गावी राहून लोककथांचे पुनर्लेखन करणाऱ्या देथांचे नाव मराठी वाचकाला ‘दुविधा’वरील चित्रपटांमुळे ठाऊक असते, ‘दोहरी जूण’ तुलनेने दुर्लक्षित राहिली आहे. दोन चिक्कू सावकार मित्र मुले पोटात असतानाच त्यांचे लग्न ठरवून टाकतात. दोघांनाही मुलीच होतात. त्यांपैकी एकाला हुंड्याचा लोभ सुटत नाही. तो आपल्या मुलीला मुलगा म्हणून वाढवितो आणि यथासांग लग्न लावून देतो. पहिल्या रात्री बीजां आणि तीजां यांना सत्य कळते. बीजांला स्वतःच्या देहाचा अर्थही त्या रात्रीच नीट कळतो. नंतर जे घडते ते विलक्षण आहे. फसवणूक उघड झाली म्हणून तीजां माहेरी परतत नाही. अग्नीसमोर जे झाले ते झाले, अशा सहजतेने ती हा संसार स्वीकारते.

येथे देथांनी विवाहविधीविषयी एक अवघड प्रश्न उपस्थित केला आहे. विवाहाची सारी लक्षणे पूर्ण झाली आहेत. वाङ्‌निश्चय झाला, वऱ्हाड आले, फेरे झाले, हुंडाही मोजून घेतला गेला. बापाच्या लोभाने घडविलेला हा विवाह गावाला काही काळ पूर्ण मान्य असतो, कारण वराच्या अंगावर पुरुषाचा वेष आहे. बीजां तो वेष उतरवून घागरा घालते तेव्हा गाव चवताळते. म्हणजे गावाचा आक्षेप दोन स्त्रियांनी एकत्र राहण्यावर तितकासा नाही. त्यांनी ते लपविले नाही यावर आहे. लाहोरच्या न्यायालयाने जे तत्त्व नकळत सांगितले तेच देथांचे गावकरी सांगतात. दोघींना आश्रय मिळतो तो भुतांकडून. भुतांचा प्रमुख त्यांच्यासाठी महाल उभारतो आणि गावकऱ्यांना धाक घालतो. मानवी समाजाने जे नाते नोंदविले नाही त्याला संरक्षण देणारी सत्ता मरणापलीकडची आहे, ही कल्पना लोककथेच्या साच्यात इतकी सहज बसते की तिच्यातील विषाद वाचून झाल्यावर उशिरा जाणवतो.

पुढचे वळण तर अधिकच अनपेक्षित आहे. भुताच्या वरदानाने बीजांची पुरुष होण्याची इच्छा पूर्ण होते. आता सारे काही रीतसर झाले. तीजां पत्नी, बीजां पती. आणि त्याच क्षणापासून संसार नासतो. मालकी, संशय, पराक्रमाची हाव, देहावरील जबरदस्ती ही सारी लक्षणे एका रात्रीत बीजांत उतरतात. कालपर्यंतच्या सखीपुढे आज धनी उभा असतो. बीजां पुन्हा स्त्री होते तेव्हाच त्या घराला घरपण येते.

या प्रसंगाचा सुप्रियो निर्णयाशी जोडून विचार करताना एक साम्य मनात येते. पाचही न्यायमूर्तींनी असे मान्य केले की तृतीयपंथी व्यक्ती भिन्नलिंगी नात्यात असतील तर त्यांना प्रचलित कायद्यांखाली विवाह करता येईल. तृतीयपंथी व्यक्तींच्या दृष्टीने हा लाभ खरा आहे. तो त्यांच्या लिंगओळखीच्या हक्कातूनच येतो आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. बीजांचे रूपांतर हे त्या ओळखीचे चित्रण नव्हे. देथांना तेथे देह बदलण्यापेक्षा ‘धनी’ होण्याची हाव दाखवायची आहे, हे भान सोडले तर या कथेचा फार वाईट उपयोग होऊ शकतो. तरीही संहितेच्या पातळीवर विसंगती उरतेच. आजच्या कायद्याच्या चौकटीत बीजां-तीजांचे नाते नेमके कोणत्या दिवशी वैध ठरेल? ज्या दिवशी बीजां पती होते त्या दिवशी. कथेच्या चौकटीत ते नाते कोणत्या दिवशी मोडते? त्याच दिवशी. कायद्याला ज्या आकारात नाते ओळखता येते तो आकारच देथा तपासून पाहतात आणि नाकारतात.

यावर काही अभ्यासक असा निष्कर्ष काढतील की ‘दोहरी जूण’ विवाहसंस्थेचीच चिकित्सा करते, तेव्हा तिला विवाहसमानतेच्या बाजूची साक्ष मानता येणार नाही. स्त्रीवादी विचारात ही शंका जुनी आहे आणि तिच्यात तथ्य आहे. जी संस्था आतून विषमतेवर उभी आहे तिच्यात प्रवेश मागण्याला समतेचा लढा म्हणावे काय, असे विचारता येते. परंतु दार उघडे असलेल्याने घर वाईट आहे म्हणणे आणि दाराबाहेर ठेवलेल्याला घर वाईट आहे असे ऐकवणे, या दोन वेगळ्या क्रिया आहेत. देथांची तीजां विवाहाला नकार देत नाही, नवरेपणाला नकार देते. लग्न टिकवून त्यातील धनीपण काढून टाकता येते, हे ती जगून दाखविते. या अर्थाने समलिंगी विवाहाची मागणी ही विवाहसंस्थेपुढील शरणागती ठरत नाही. त्या संस्थेत कोणी एक धनी असलाच पाहिजे या गृहीताची ती कसोटी ठरते. सरकारी भूमिकेतील पती, पत्नी आणि त्यांची अपत्ये या कुटुंबकल्पनेला खरा धोका वाटला असेल तर तो येथूनच, असे मला वाटते.

राजस्थानीतून मराठीकडे येताना हवा बदलते. देथांच्या कथेत लग्न आहे, भूत आहे, सुखान्त आहे. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मध्ये (१९८१) यांपैकी काहीच नाही. स्वातंत्र्यपूर्व काळातील महाविद्यालयीन वातावरणात सुमित्रा देव ऊर्फ मित्रा नमावर प्रेम करते आणि शेवटी आत्महत्या करते. तेंडुलकरांना धाडसाचे श्रेय नेहमी दिले जाते. माझे लक्ष मात्र त्यांच्या शीर्षकाकडे जाते. ‘मित्राची’ हे रूप ‘मित्र’ या पुल्लिंगी नामाचेही आहे आणि ‘मित्रा’ या स्त्रीच्या नावाचेही. मराठीच्या विभक्तीने जे लिंग झाकले ते झाकूनच ठेवण्याची सोय नाटककाराने घेतली आणि त्या एका शब्दात नाटकाचा सारा पेच बसविला. गौरी रामनारायण यांच्या इंग्रजी अनुवादाच्या शीर्षकात मित्राची म्हणजे मित्राची असा एकच अर्थ उरतो. स्त्रीचे नाव गळून पडते. हा अनुवादकर्तीचा दोष नाही, इंग्रजीत तशी विभक्तीच नाही. मित्राला तिच्या नात्यासाठी शब्द सापडत नाही, आणि तिच्यामागे तिची गोष्ट सांगायला वारस म्हणून उरतो तो बापू, केवळ मित्र. नोंद नसलेल्या नात्याचा इतिहास कोणी सांगायचा, हा प्रश्न त्या निवेदनपद्धतीतच आहे.

सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये (२००६) हाच प्रश्न शोकाच्या रूपाने येतो. पुण्याच्या एका मध्यमवर्गीय घरात पेइंग गेस्ट म्हणून आलेल्या, कादंबरीभर निनावी राहिलेल्या तरुणावर तनय आणि अनुजा ही भावंडे प्रेम करतात. अनुजा त्याच्याबरोबर निघून जाते, तो तिला सोडतो, ती परत येते. एकाच माणसाच्या जाण्याने दोघे उद्ध्वस्त झाले आहेत. परंतु अनुजाचे दुःख घराला दिसते. लोक काय म्हणतील याची चिंता, डॉक्टर, समजुती, राग, सारे तिच्या वाट्याला येते. तनयच्या दुःखाला घरात नावच नाही, त्यामुळे त्याच्यावर रागावण्याचीही कुणाला गरज पडत नाही. त्याने आपले निवेदन गेलेल्या माणसाला ‘तू’ म्हणत केले आहे. मराठी क्रियापद ‘तू’चेही लिंग उघड करते, त्यामुळे मराठी वाचकाला पहिल्या काही वाक्यांतच कोण कोणाशी बोलत आहे हे कळून चुकते. जेरी पिंटो यांच्या २०१३ मधील इंग्रजी अनुवादात मी आणि तू हे दोघेही आरंभी लिंगाशिवाय वावरू शकतात. तौलनिक अभ्यासाला हा मुद्दा क्षुल्लक वाटू नये. आपल्या भाषांत प्रेमाचे साधे भूतकाळी वाक्यही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिल्यासारखे असते. तेथे मोघम राहण्याची सोय नाही. चुगताईंना उर्दूत जी रजई लागली ती का लागली, हे यावरून थोडे समजते.

शोकाचा हा मुद्दा पुढे सरकारी कागदांतही आला. सुप्रियो सुनावणीत दिलेल्या आश्वासनानुसार एप्रिल २०२४ मध्ये मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत काही खुलासे झाले. संयुक्त बँक खाते उघडण्यास व जोडीदाराला नामनिर्देशित करण्यास अडचण नाही. शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातील मानावे. जवळचे नातलग उपलब्ध नसतील तर मृतदेह ताब्यात घेण्याचा दावा जोडीदाराला करता यावा. या तरतुदी लहान आहेत आणि कायद्याऐवजी पत्रांवर उभ्या आहेत. तरीही ‘कोबाल्ट ब्लू’ वाचलेल्याला शेवटची तरतूद सहजपणे ओलांडून पुढे जाता येणार नाही. नातलग नसतील तरच जोडीदार, हा क्रमही वाचावा लागतो.

शिधापत्रिकेतील ‘कुटुंब’ या शब्दाचीही दखल घेतली पाहिजे. जुन्या मराठीत ‘आमचे कुटुंब’ म्हणजे आमची पत्नी. राज्यसंस्थेने विवाह नाकारून कुटुंब दिले, आणि भाषेच्या स्मृतीत या दोन शब्दांतील अंतर फारसे नव्हतेच. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. जी. आर. स्वामिनाथन व न्या. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी हाच धागा वेगळ्या दिशेने पुढे नेला. घरच्यांनी अडवून ठेवलेल्या एका तरुणीला तिच्या मैत्रिणीबरोबर जाण्यास मोकळे करताना त्यांनी विवाह हा कुटुंब उभारण्याचा एकमेव मार्ग नव्हे आणि स्वतः निवडलेले कुटुंब ही आता कायद्याला परिचित झालेली कल्पना आहे, असे नमूद केले. हा निर्णय सुप्रियोच्या चौकटीतच राहतो. तो कोणाचाही विवाह नोंदवीत नाही.

२०१८ च्या निकालपत्रांत गटे, शेक्सपिअर, लॉर्ड आल्फ्रेड डग्लस आणि लेनर्ड कोहेन ही नावे ठळकपणे येतात. न्यायमूर्तींनी साहित्याकडे वळावे, याचा आनंदच आहे. पण पुढल्या वेळी हा प्रश्न संसदेत किंवा न्यायालयात उभा राहील तेव्हा बोरूंद्याच्या कथाकाराला साक्षीला बोलावण्यास हरकत नसावी. त्याची साक्ष गैरसोयीची आहे. अर्जदारांना ती विचारील की तुम्हांला लग्न हवे की धनीपण, आणि सरकार पक्षाला विचारील की बीजां पुरुषाचा वेष घालून बोहल्यावर चढली तेव्हा तुमचा आक्षेप कोठे होता.